इंजिन गार आहे, रविवारी निघतो

भोकरदन
३ फेब्रुवारी २०२५

चि. वंदना हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील, आणि ब्लॉक झालेल्या माणसाला पोस्ट खात्याशिवाय वाली नाही हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं. आज पोस्टात जाऊन पाकीट मागितलं. खिडकीतल्या माणसानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "सर, कोर्टाचं काम हाय का?" म्हणाला. म्हटलं, नाही हो, सख्ख्या बहिणीला लिहायचंय. तर म्हणतो, "मंग तेच की."

मुद्द्यावर येतो. बाबांची अँबॅसेडर. बाबा गेल्यापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. मी दर पंधरा दिवसांनी चालू करून चौकापर्यंत नेऊन आणतो, म्हणजे गाडीला वाटावं आपण अजून नोकरीत आहोत. आता महिन्याभरापासून तिच्या टेंपरेचरच्या काट्याला वेड लागलंय. रात्रभर उभी गाडी, बॉनेट गारठलेलं, आणि सकाळी नुसती चावी फिरवली की काटा सरळ 'एच'वर, म्हणजे हॉटवर. इंजिन सुरूसुद्धा केलेलं नसतं. कचरूला दाखवलं. (कचरू म्हणजे आपल्या गल्लीतला बोअरच्या मोटारी काढणारा, आता नळ, मोटार, मिक्सर, सगळ्या धातूंचा डॉक्टर झालाय.) तो म्हणाला, "सर, गाडीला ताप हाय." एवढं निदान मीही केलं असतं.

तुला का लिहितो? एक म्हणजे तू जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचे सेन्सर सांभाळतेस. त्यापुढे ही म्हातारी गाडी म्हणजे चहाची किटली. दुसरं कारण आई.

आईनं संक्रांतीपासून धरलंय की वंदीकडे जायचं. मी म्हटलं, चल, जीप करू. म्हणाली, "लोकाच्या जीपात बसून लेकीच्या दारात जायला मी काय मतं मागायला चाल्ले का?" मग एसटी म्हटलं. तर उठून आत गेली, आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता आपणहून बोलली: "ज्या गाडीतून तिला कचेरीत नेली आन् सही झाल्यावर स्टँडवर उतरवली, त्याच गाडीतून तिला घरी आणायची. सही कर बाई, रीत असती, असं मीच म्हणल्ते. माझ्या तोंडून गेलेलं माझ्याच तोंडानं माघारी घ्यायचंय मला."

मी हे जसंच्या तसं लिहिलंय. माझी मल्लिनाथी नाही.

काट्याचं काय करू ते कळव. बाबांचं तुला माहीतच आहे, काटा बिघडला असला तर ते गाडी फाटकाबाहेर काढत नसत. आईलाही तेच पाठ आहे. म्हणते, "काटा बराबर झाल्याबिगर मी बसणार न्हाई."

अंगददादा

•

जालना
१३ फेब्रुवारी २०२५

श्री. अंगद सर यांस,

तीन तारखेचं पत्र बारा तारखेला मिळालं. साठ किलोमीटरला नऊ दिवस. पोस्टमन चालत आला असता तरी सात दिवस आराम करून पोचला असता.

काट्याविषयी.

गार इंजिनवर चावी फिरवताच काटा एच दाखवतो, म्हणजे इंजिन तापलेलं नाही. एक तर सेन्सर आतून गेलाय, किंवा सेन्सरपासून काट्यापर्यंतची वायर कुठंतरी सोलून गाडीच्या पत्र्याला टेकलीय. दोन्हीतलं कोणतं, ते शोधायला डॉक्टर लागत नाही. असं करा.

सेन्सर इंजिनाच्या वरच्या भागात असतो, रेडिएटरचा जाड रबरी पाइप जिथं इंजिनाला मिळतो त्याच्या आसपास. पितळी, अंगठ्याएवढा, डोक्यावर एकच वायर. इंजिन बंद ठेवा. चावी फिरवा. काटा एचवर गेला की ती वायर सेन्सरवरून ओढून काढा आणि हवेत धरा, कुठंही टेकू देऊ नका. काटा खाली सीवर, म्हणजे कोल्डवर आला, तर वायर आणि काटा दोन्ही चांगले, सेन्सर मेला. काटा एचवरच राहिला, तर वायर टेकलीय.

मग तीच वायर क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. काटा परत एचवर उडी मारेल. मारली म्हणजे खात्री. जास्त वेळ धरू नका.

आईविषयी. आईनं कोणत्याही गाडीनं यावं, दार उघडं आहे. मी तिकडं येणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. बाबांच्या तेराव्याच्या पत्रावळी उचलल्या नव्हत्या आणि मला गाडीत घालून कचेरीत नेलंत. हक्कसोडपत्रावर सही झाली तेव्हा तुम्ही साडीची पिशवी माझ्या हातात दिलीत. सात एकरांत माझं नाव होतं, तर तिथं मोरपंखी काठ आला. मी ती साडी अजून घडीसकट ठेवलीय. नेसायला नाही.

बाकी क्षेम.

वंदना

•

भोकरदन
२० फेब्रुवारी २०२५

चि. वंदना हिस,

आशीर्वाद. 'सर' म्हटलंस, बरं वाटलं. शाळेतली पोरंसुद्धा आता म्हणत नाहीत.

साडीचा रंग मी निवडला नव्हता, एवढंच म्हणून त्या विषयाला हात जोडतो. बाकीचं मी निवडलं होतं.

तुझ्या पत्राप्रमाणे रविवारी परीक्षा घेतली. परीक्षक मी, कचरू मदतनीस, आई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेली, आणि तुझी वहिनी उषा स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारणार. मी चावी फिरवली. काटा एच. कचरूनं वायर उपटली. काटा असा खाली आला की मला वाटलं मोडला. आई म्हणाली, "पडला का?" म्हटलं, पडला नाही, बसला. मग कचरूनं वायर लोखंडाला लावली, काटा परत टकदिशी वर. कचरूला हा खेळ इतका आवडला की त्यानं सहासात वेळा केला. मी ओरडलो तेव्हा थांबला, आणि म्हणाला, "सर, ताईनं जालन्यात बसून सांगतलं आन् इथं काटा नाचून राह्यला! तुमच्या घरात अशी बहीन असून तुम्ही माझ्याकडं कामं आणता?"

उत्तर आईनं दिलं. ती म्हणाली, "म्हून तर काटा नीट करून राह्यलो."

तर सेन्सर मेलाय. इथं भोकरदनला पार्ट मिळत नाही. एका दुकानदारानं अँबॅसेडर म्हटल्यावर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी बैलाची नाल मागतोय. दुसऱ्यानं विचारलं, "लग्नात नवरदेव मिरवायला का?" तुझ्याकडं मिळेल का?

आई पाडव्याचं म्हणते. साडेतीन मुहूर्तांतला आहे म्हणून नव्हे. म्हणाली, "पाडव्याला लेक घरात असली म्हंजे वर्ष बराबर जातं." तीन वर्षं बराबर गेली नाहीत असा याचा अर्थ. मी वाचून दाखवलेला नाही तिला तुझा शेवटचा परिच्छेद.

दादा

•

जालना
६ मार्च २०२५

दादा,

सेन्सर पाठवते आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एकच म्हातारा इथं उरलाय, त्याच्याकडं दोन निघाले. त्यातला गंज नसलेला घेतला. एसटीच्या पार्सलनं येईल, स्टँडवर जाऊन सही करून घे. (सह्या घ्यायची तुला सवय आहे.)

बसवण्याआधी तपासून बघ. आमच्याकडं नवा सेन्सर तपासल्याशिवाय भट्टीला कोणी लावत नाही, कारण नवं म्हणजे चांगलं असं नसतं. शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर आण, असला तर. एक टोक सेन्सरच्या डोक्याला, दुसरं त्याच्या पितळी अंगाला. ओमचा आकडा बघ. मग पातेल्यात पाणी तापवून सेन्सरचं खालचं टोक त्यात बुडव. पाणी तापेल तसा आकडा उतरत गेला पाहिजे. उतरला तर चांगला. अडकून राहिला तर परत पाठव.

बसवताना इंजिन पूर्ण गार असू दे. रेडिएटरचं झाकण सावकाश काढ, थोडं पाणी खालून सोड, म्हणजे जुना काढल्यावर अंगावर येणार नाही. पाना बरोबर मापाचा घे, पितळ मऊ असतं. हातानं बसेल तेवढा बसव, मग पान्यानं थोडासा. ताकद दाखवू नकोस. पाणी परत भर. रबरी पाइप जुने असतील तर बदल.

पाडव्याला सुट्टी आहे. घरीच आहे.

वंदना

•

भोकरदन
२२ मार्च २०२५

चि. वंदू,

फत्ते! 'फत्ते' हा शब्द मी शेवटचा कधी वापरला होता आठवत नाही. बहुधा कुणाच्या तरी निवडणुकीत, आणि तिथंही खोटाच होता.

पार्सल आलं. मल्टीमीटर शाळेतून आणला. त्याच्यावर आठ वर्षांची धूळ होती आणि 'हात लावू नये' अशी चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली. उषानं चहाचं पातेलं दिलं नाही, दूध उतू गेलेलं एक जुनं दिलं. त्यात सेन्सर उकडला. आकडा असा उतरत गेला की काय सांगू. कचरू एकेक आकडा मोठ्यानं वाचत होता, जसा काही लिलाव उलटा चाललाय. आई म्हणाली, "शिजला का?" म्हटलं, शिजला.

मग कचरूनं बसवला. तू सांगितलंस तसंच, गार इंजिन, थोडं पाणी सोडून, बरोबर मापाचा पाना. फार जपून केलं त्यानं. एवढी काळजी तो बोअरच्या मोटारीचीसुद्धा घेत नाही. पाण्याचा एक थेंब गळत नाही. रबरी पाइप वरून चांगले दिसले, म्हणून राहू दिले.

आणि काटा! चावी फिरवली, सीवर. इंजिन सुरू केलं, सीवर. चौकापर्यंत नेली, सीवर. परवा आईला न सांगता केदारखेड्यापर्यंत जाऊन आलो, भर दुपारी, ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चिकटत होतं. काटा सीवरून तसूभर हलला नाही. बाबांच्या काळात एवढ्या अंतरावर निम्म्यापर्यंत तरी चढायचा. तुझा सेन्सर बाबांच्या सेन्सरपेक्षा भारी निघाला. शेवटी भट्टीवाल्या बाईनं निवडलेला!

तर इंजिन गार आहे, रविवारी निघतो. पाडव्याला, सकाळी गुढी उभारून, साडेआठला. मी, आई आणि उषा. आईनं नव्या बांगड्या भरल्यात. मला विचारत होती, "तिला काय म्हणू आधी?" मी म्हटलं, आधी घरात जाऊन बस, मग म्हण. तर म्हणाली, "न्हाई. दारातच म्हणणार. बसल्यावर माणूस चहा पितो आन् राहून जातं."

तुझा,
दादा

•

जालना
२८ मार्च २०२५
(स्पीड पोस्ट)

दादा,

निघू नकोस. गाडी फाटकाबाहेर काढू नकोस.

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. गाडी अर्धा-पाऊण तास पळाली आणि काटा सीवरून हललाच नाही, याचा अर्थ इंजिन गार आहे असा होत नाही. काट्याला काही कळतच नाहीये असा होतो. चालतं इंजिन गार नसतं, मेलेलंच गार असतं.

कचरूनं सेन्सरच्या आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली आहे का? "एक थेंब गळत नाही" हे वाचलं तेव्हाच मला शंका आली. या सेन्सरला एकच वायर असते. दुसरी वाट त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात जाते. आट्यांवर टेप आली की ती वाट बंद. मग काटा जन्मभर सीवर बसतो. सेन्सर काढ, टेप ओरबाडून काढ, आटे घासून परत बसव.

हे मी मागच्या पत्रात का लिहिलं नाही? लिहिलं होतं. त्या पत्राला दुसरं पान होतं. पहिल्याच ओळीत होतं, 'आट्यांना काहीही लावू नये'. पण त्याच पानावर खाली मी आईबद्दल आणि तुझ्याबद्दल बरंच काही लिहून बसले, आणि पाकीट बंद करताना ते पान फाडलं. टेपची ओळ त्यात गेली हे माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या इथं हे कुणाला सांगावं लागत नाही.

मी तुझा नंबर अनब्लॉक केला आहे. दुपारपासून आठ वेळा फोन केला. प्रत्येक वेळी 'व्यस्त'. तू एवढा कुणाशी बोलत नाहीस. तू मला ब्लॉक केलं आहेस का? वहिनींच्या जुन्या नंबरावर केला, तर तो आता घनसावंगीच्या एका बियाणंवाल्याला मिळालाय. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि कपाशीचं वाण सांगायला लागला.

खिडकीवर म्हणाले, उद्या पोचेल.

निघू नकोस.

वंदू

•

भोकरदन
३ एप्रिल २०२५

चि. वंदू,

तुझं स्पीड पोस्ट काल, बुधवारी मिळालं. शनिवारी निघालं होतं म्हणे, रविवारी पाडवा, सोमवारी ईद, मंगळवारी पोस्टमनची मुलगी पाहायला पाहुणे. यात दोष कुणाचाच नाही. आपल्याकडं दोष कधीच कुणाचा नसतो, म्हणून तर सगळं असं व्यवस्थित बिघडतं.

होय, मी तुला ब्लॉक केलं होतं. तू मला केल्यावर आठ दिवसांनी. तू केलंयस म्हटल्यावर मी न करणं बरं दिसलं नसतं, असं तेव्हा वाटलं. नंतर विसरून गेलो.

कचरूनं टेप लावली होती. पंधरा वेढे, वरून नळाच्या सांध्याला फासतात तो सफेदा. मी समोर उभा होतो. मीच म्हणालो होतो, "गळायला नको हं." तो म्हणाला, "सर, बिना टेपचे आटे कचरू बसवतच न्हाई. पानी गळलं तर नाव माझं जातं." त्याचं नाव राहिलं. पाणी तिथून गळलंच नाही.

ते खालच्या रबरी पाइपातून गेलं. राजूर मागं पडून दहा मिनिटं झाली असतील. मी काट्याकडं बघत होतो, वंदू, अगदी बाबांसारखा, दर मैलाला. काटा सीवर. बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हासुद्धा मी आधी काट्याकडं पाहिलं, आणि काटा सीवर होता म्हणून आणखी थोडी दामटली. मग खालून लोखंड दातओठ खातं तसा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन जाम. कचरू नंतर म्हणाला, आता हे भंगारवाल्याच्याच कामाचं.

तिथं सावली नाही. रस्ता रुंद केला तेव्हा झाडं गेली. नवी लावल्याचा फलक आहे, त्याची सावली एका माणसाला पुरते. दोन जीपवाले थांबले. जालन्याला सोडतो म्हणाले. आई उतरली नाही. मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी धरून बसून राहिली, तीन तास. मग मी ट्रॅक्टर आणला आणि गाडीला दोर लावून परत भोकरदनला ओढत आणलं. आई गाडीतच बसलेली. गावातून जाताना गुढ्या होत्या सगळ्यांच्या दारात.

दोन दिवस ताप होता. सलाईन लावलं. आता ताप नाही. जेवते. बोलत नाही फारसं.

तू आलीस तर बरं होईल. मी हे आधी म्हणायला हवं होतं.

दादा

•

जालना
१९ एप्रिल २०२५

दादा,

मी बुधवारी येऊन गेले. वहिनींनी सांगितलंच असेल. तू शाळेत होतास. मी तुझी वाट न बघता निघाले, कारण तिथं बसवेना.

आधी माझं सांगते. २९ तारखेला, शनिवारी सकाळी, मी स्टँडवर गेले होते. भोकरदनची गाडी लागलेली होती. कंडक्टर म्हणाला, "चढा ताई, जागा हाय." मी उभी राहिले. म्हटलं, तीन वर्षं येणार नाही म्हणाले आणि आता एका काट्यासाठी जायचं? पत्र पोचेल, ते निघणार नाहीत, मग आपण पुढच्या रविवारी बघू. गाडी सुटली. मी घरी आले. रविवारी चार माणसांचा स्वयंपाक केला आणि साडेदहापासून खिडकीत बसले. म्हणजे निघू नका असं लिहूनही मला वाटत होतं तुम्ही याल. दोन वाजता पुरणपोळ्या झाकून ठेवल्या. तुम्ही निघाला नाहीत, पत्र मिळालं असेल, असं म्हणून निजले. चांगली झोप लागली मला, दादा. त्या दुपारी.

आता आईचं. मी आत गेले तेव्हा ती पलंगावर जागी होती. मला पाहिलं. ओळखलं, त्यात शंका नाही. मी म्हटलं, आई, मी आलेय. मी पाय धरले. तिनं ओढून घेतले नाहीत, पण लाकडासारखे ठेवले. मग भिंतीकडं तोंड केलं आणि वहिनींना म्हणाली, "उषा, पाव्हणीला कुंकू लाव. तिची गाडी चुकायची."

मला पाहुणी म्हणाली.

मी तिला काय केलं? सही तिनं करायला लावली, मी केली. रागावायचं तर मी रागावायला हवं होतं, आणि मी रागावले होते, तीन वर्षं, मनापासून. आता माझा राग संपल्यावर तिचा कुठून सुरू झाला? त्या तीन तासांत गाडीत काय झालं? तुझ्या पत्रात लिहिलंयस, आई उतरली नाही. का उतरली नाही, ते लिहिलेलं नाहीस. तू असं वाक्य अर्धं सोडणारा माणूस नाहीस.

काय सांगितलंस तू तिला?

वंदू

•

भोकरदन
२७ एप्रिल २०२५

वंदू,

सांगतो.

वाफ बाहेर आली, गाडी थांबली, तेव्हा आईनं विचारलं, "आता?" मी म्हटलं, जीप बघतो. ती म्हणाली, "जीपात मी जाणार न्हाई. वंदीला फोन लाव. तिला म्हण, आम्ही इथवर आलो, पुढचं तू ये." 

मी फोन काढला. तुझं नाव काढलं. आणि मला वाटलं, लागणारच नाही, तिनं ब्लॉक केलंय, आता आईसमोर नाचक्की कशाला. मी फोन कानाला लावला आणि बोललो. नुसताच बोललो, वंदू. "हां, राजूरच्या पुढं. हां, आई आहे. निघालीस का? ये बराबर." चार वाक्यं. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी फोन खिशात टाकला आणि म्हणालो, येऊन राह्यली ती.

तुझं स्पीड पोस्ट वाचल्यावर कळलं की त्याच्या दोन दिवस आधी तू मला मोकळं केलं होतंस. बोट फक्त दाबायचं होतं. खिडकीत बसलेली असताना तुझा फोन वाजला असता.

म्हणून ती उतरली नाही. पहिला जीपवाला थांबला तेव्हा त्याला म्हणाली, "लेक येऊन राह्यली आमची." दुसऱ्याला पण तेच. जालन्याकडून येणारी प्रत्येक गाडी काचेतून बघत होती. पहिल्या तासाला मला म्हणाली, "बाईमाणूस, निघायला उशीर होतो." दुसऱ्या तासाला म्हणाली, "सणाची गर्दी असंल." तिसऱ्या तासाला काही म्हणाली नाही. मी तेव्हा सांगू शकलो असतो. मी ट्रॅक्टर शोधायला गेलो.

तुझं १९ तारखेचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. आई, मी फोन लावलाच नव्हता. खोटं बोललो. वंदीला ठाऊकसुद्धा नव्हतं. ती घरी स्वयंपाक करून बसली होती.

तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "चांगलं हाय. भैनीची बाजू घ्यायला शिकलास. पर मी काय आंधळी हाय का? माझ्यासमोर बोलत होतास तिच्याशी."

मी फोनमधली यादी दाखवली, त्या दिवशी तुला कॉल गेलेला नाही म्हणून. तिला वाचता येत नाही. उषाला सांगायला लावलं. आई म्हणाली, "तू नवऱ्याचंच म्हणणार." मी कचरूला बोलावलं. त्याला म्हणाली, "तू तिथं होतास का?" तो नव्हता. मग मी तिच्यासमोर तुला फोन लावतो म्हणालो. तिनं माझा हात धरून फोन खाली ठेवायला लावला.

उभ्या आयुष्यात मी खोटं बोललो ते सगळं लोकांनी खरं मानलं. कचेरीतसुद्धा, तू 'स्वखुशीनं' हक्क सोडतेस असं मी म्हणालो, तेव्हा साहेबांनी मान वर केली नाही. एकदा खरं बोलायला गेलो, तर आई मला मोठ्या मनाचा समजून बसली.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. तसं असतं तर मी काही करू शकलो असतो. तिचं म्हणणं वेगळंच आहे. परवा म्हणाली, "मी तिला सही करायला लावली, तवा ती स्टँडवर एकटी उभी व्हती. आता तिनं मला रस्त्यावर बसवलं. फिटलं. तिचंबी काय चुकलं न्हाई." तुझ्या दारात जाऊन जे म्हणायचं होतं, ते आता म्हणायची गरजच उरली नाही तिच्या लेखी. तिची शिक्षा भोगून झाली. तू आलीस तेव्हा तिला वाटलं, तू बघायला आलीस, झाली का नाही ते.

मी म्हटलं, आई, निदान मी तिला परत बोलावतो. चार दिवस राहू दे. बोला दोघी.

ती म्हणाली, "नको. एकदा बोलावलं, न्हाई आली. सारखं सारखं माणसाला न्हाई म्हणायला लावू नये."

दादा